एक पायरी खाली, एक पायरी वर

"तुमच्याकडचा सगळ्यात अवघड किनारा कुठला, तो द्या," असे म्हणून बायको-सासूबाईंना घेऊन आलेल्या जावयाने काउंटरवर कोपर टेकले, आणि पलीकडे बसलेल्या ताईंनी उघडलेली वही मिटून घेतली.

त्याला कारण होते. सर्फिंगच्या सहली काढणाऱ्या त्या ऑफिसात गिऱ्हाइकाचा वकूब ओळखून त्याला किनारा निवडून द्यायचा, हे ताईंचे काम. किनारे तीन. नवशिक्यांसाठी 'गादी': खाली मऊ वाळू, कमरेएवढी लाट, पडले तरी हसू येते. थोडे जमणाऱ्यांसाठी 'झोपाळा'. आणि मुरलेल्यांसाठी 'धोबीपछाड'. तिथली लाट माणसाला उचलते, थोडा विचार करते आणि मग आपटते. ही नावे काही सरकारदरबारी लागलेली नव्हती. पण आपटलेल्या लोकांनीच ठेवलेली असल्यामुळे त्यांत चूक असण्याचे कारण नव्हते.

गेल्या महिन्यात "मला सगळं येतं" म्हणणाऱ्या अशाच एका गृहस्थाला ताईंनी विश्वासाने धोबीपछाडला पाठवले होते. त्याला चड्डीला धरून बाहेर काढावे लागले, आणि चड्डी आधी बाहेर आली. मालकांनी ताईंना केबिनमध्ये बोलावून सांगितले, "आणखी एक तक्रार आली, की तुम्ही खुशाल घरी बसा." घरी बसणे ताईंना परवडणारे नव्हते. शिवाय हे काम त्यांना मनापासून आवडायचे.

त्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला आणि तो कुणाला सांगितला नाही. छाती फुगवून सांगेल त्याला एक पायरी खाली, मान खाली घालून सांगेल त्याला एक पायरी वर. स्वतःबद्दल खरे बोलायचे नाही असे माणसांनी ठरवलेलेच असेल, तर ताईंनी तरी सरळ कशाला वागावे?

"आधी कुठे केलंय का सर्फिंग?" ताईंनी विचारले.

"मी म्हणजे पाण्यातलाच माणूस," जावई म्हणाला. तो फरशांच्या दुकानात विक्रेता होता. समोरच्याने तोंड उघडण्याआधी त्याच्या गळ्यात माल मारायची त्याला सवय होती. "लाट दिसली की माझे पाय आपोआप सरसावतात."

"अहो, तुम्ही वॉटर पार्कला गेला होतात," बायको म्हणाली.

"लाट ती लाट."

मागे खुर्चीवर मांडीत पर्स घेऊन सासूबाई बसल्या होत्या. "आणि आई, तुम्ही?" ताईंनी विचारले.

"आई वाळूत बसतील," जावई परस्पर म्हणाला. "त्यांना टोपी द्या एखादी."

"त्यांना बोलू द्या."

सासूबाईंनी पर्सचा बंद नीट केला. "येतं आपलं थोडंफार. लहानपणी केलेलं. आता कुठलं आठवतंय."

सगळे येते, म्हणजे धोबीपछाड. एक पायरी खाली, झोपाळा. थोडेफार येते, म्हणजे गादी. एक पायरी वर, झोपाळा. ताईंना बरे वाटले. सासू-जावई एकाच किनाऱ्यावर राहतील, एकमेकांकडे बघतील. त्यांनी गाडीवाल्या ड्रायव्हरकाकांना फोन केला. "काका, दोघंही झोपाळा. जावई म्हणतात सगळं येतं, सासूबाई म्हणतात थोडंफार." जरा झोप काढून मग झोपाळ्यावर येते, असे सांगून लेक हॉटेलवर गेली.

ताईंनी चहाचा पहिला घोट घेतला आणि फोन वाजला.

"हा काय प्रकार आहे?" जावई होता. "इथे माझ्या गुडघ्याएवढी पोरं आहेत. मला नारिंगी जाकीट घातलंय, आणि तुमचा मास्तर मला म्हणतो, 'बाळ, हात पसर.' मी तक्रार करणार आहे. लेखी."

"पोरं? झोपाळ्यावर पोरं कुठून आली?"

"झोपाळा कुठला? इथल्या पाटीवर गादी लिहिलंय."

लेखी हा शब्द मालकांना बंद दारातूनही ऐकू जातो. ते केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. तेवढ्यात दुसरा फोन वाजला. लेक होती. "मी झोपाळ्यावर आलेय. इथे हेही नाहीत आणि आईही नाही. माझी आई कुठे आहे?"

ताईंनी घाईघाईने काकांना फोन लावला. "काका, मी झोपाळा सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंत की. पण सगळं येतं म्हणणाऱ्याला मी नेहमी एक किनारा अलीकडेच उतरवतो. नंतर रडत रडत माझ्याच सीटवर ओले बसतात हो. तिथल्या मास्तरांनाही सांगून आलो. ते असल्यांना थेट पोरांत घालतात."

"आणि सासूबाई?"

"बाई गरीब स्वभावाच्या. अशा माणसाला मी एक किनारा पलीकडे सोडतो."

"पलीकडे म्हणजे धोबीपछाड."

"मग काय तर. त्याच्या पलीकडे परदेश."

आपण सोडून सगळे जग सरळ वागते, असे त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी धोबीपछाडच्या मास्तरांना फोन लावला. मास्तर खुशीत होते. "चिंता नको, ताई. बाई थोडंफार म्हणाल्या तेव्हाच मी ओळखलं, ही पट्टीची आहे. आपल्याकडचा सगळ्यात अरुंद बोर्ड दिलाय. गेल्या पण आत."

मालकांनी स्कूटरची किल्ली उचलली. "उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले. "आता मात्र घट्ट धरून बसा."

वाटेत ताई सारख्या एवढेच म्हणत होत्या, की म्हाताऱ्या बाईला काही झाले तर मी कुठे तोंड दाखवू. मालकही नोकरीचे बोलायचे विसरले होते. ते किनाऱ्यावर पोचले तेव्हा लेक टॅक्सीतून उतरून पाण्याकडे धावत होती आणि तिच्यामागून नारिंगी जाकिटातला जावई. ताईंचा फोन येताच तिने मागे गादीवर जाऊन त्याला टॅक्सीत घेतले होते, पण जाकिटाची गाठ दोघांनाही सुटली नव्हती.

"कुठे आहे आई?"

मास्तरांनी बोट दाखवले. लांब पाण्यात काळ्या रबरी सुटातला एक ठिपका होता. त्याच्यामागे लाट उभी राहिली, वाढत गेली आणि धाडकन कोसळली. फेस पसरला, आणि ठिपका नाहीसा झाला. लेकीने जावयाचा दंड इतका जोरात धरला, की तो कळवळला. ताईंनी डोळे मिटून घेतले.

"अरेच्चा," मालक म्हणाले.

ताईंनी डोळे उघडले. फेसातून एक डोके वर आले होते. पुढची लाट पहिलीहून मोठी होती. सासूबाईंनी मान वळवून तिच्याकडे एकदा बघितले, हाताने पाणी मारले आणि बोर्डवर उभ्या राहिल्या. गुडघे वाकलेले, हात मोकळे, चेहरा स्टूलवर चढून माळ्यावरचा डबा काढताना असावा तितका शांत. लाटेच्या उतारावरून त्या तिरप्या घसरत आल्या, वळल्या, पुन्हा वर गेल्या, आणि लाट दमली तेव्हा गुडघाभर पाण्यात खाली उतरल्या. सगळा किनारा टाळ्या वाजवत होता. मास्तरांनी शिट्टी तोंडात घातली होती, पण ती फुंकायचे भान त्यांना नव्हते.

"फळी छान आहे," सासूबाई मास्तरांना म्हणाल्या. "पण आमची रुंद होती. कोठीचं दार होतं ते."

"कसलं दार? कुठली कोठी?" लेक रडत होती आणि हसतही होती.

"अगं, बाबा दीपगृहावर नोकरीला. आजूबाजूला घर नाही, शाळेतून आल्यावर करायचं काय? काढायचं दार आणि जायचं पाण्यात. मग आईने कोठीला कुलूप लावलं, तेव्हा कुठे ते बंद झालं."

"तू कधी बोलली नाहीस."

"लग्न झालं तेव्हा समुद्र सुटला. आणि प्रवासात येताना सांगत होते की. पण जावईबापू बोलत होते."

ताईंना राहवले नाही. त्यांनी सासूबाईंचे ओले हात धरले आणि आपला नियम, काकांचा नियम, मास्तरांचा नियम, सगळे तिथेच सांगून टाकले. सासूबाई इतक्या हसल्या, की त्यांना वाळूत बसावे लागले.

मालक दबकत जावयाकडे वळले. "आपली ती लेखी तक्रार..."

जावयाने सासूबाईंकडे पाहिले. "मीपण उभा राहिलो," तो हळूच म्हणाला. "पोरांनी टाळ्या वाजवल्या."

"किती वेळ उभे होतात?" सासूबाईंनी विचारले.

"पडेपर्यंत."

"सुरुवातीला तेवढंच असतं. चांगलं आहे."

हे 'चांगलं आहे' ऐकून जावयाचे कान लाल झाले. तक्रार त्याने पुन्हा काढली नाही. संध्याकाळपर्यंत मालक गिऱ्हाइकांना सांगू लागले, की आमच्याकडे माणसाची तीन ठिकाणी पारख होते, आणि ही पद्धत ताईंनी बसवली आहे. उद्यापासून येऊ नका, हे वाक्य जणू त्यांनी उच्चारलेच नव्हते. ताई त्या रात्री पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई गाडीची वाट बघत काउंटरजवळ बसल्या होत्या. जावई आत आला. कोपर टेकले नाही.

"ताई, मला काही येत नाही हो," तो मान खाली घालून म्हणाला. "कुठेही पाठवा."

इतक्या वर्षांत काउंटरवर कुणी खरे बोलले नव्हते. ताईंना भरून आले. आणि मग एकदम आठवले, की मान खाली घालेल त्याला एक पायरी वर. ताई पाठवणार झोपाळ्याला, काका उतरवणार धोबीपछाडला, आणि मास्तर हातात देणार अरुंद बोर्ड. त्यांनी घाईने फोन उचलला. "काकांना सांगते, हे खरं बोललेत, यांना गादीवरच सोडा."

सासूबाईंनी फोनवर हात ठेवला.

"नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या. "त्यांना रुंद फळी द्यायला लावते. आणि धरायला मी आहे ना तिथे."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. जावयाने न सांगता सासूबाईंची पिशवी उचलली आणि त्यांच्या मागोमाग निघाला. पायरीवर तो थबकला.

"पण आई, तिथली लाट मोठी असते का हो?"

"छे," सासूबाई म्हणाल्या. "असते आपली थोडीफार."