शून्य लिहायचं नाही

"लिफ्ट बंद असणार. साठ टक्के."

आवाज माझ्या मागून आला. तेवढ्यात एक बाई धापा टाकत जिना उतरल्या. "आता नव्वद." मग लिफ्टचं दार उघडलं. "चला, एक टक्का," म्हणत ते गृहस्थ अजिबात न ओशाळता आत शिरले. "दार उघडलंय, पण वर पोचेल कशावरून?"

दोन वर्षांपूर्वी, तुकोगंजमधल्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी भेटलेले हे दिघेकाका. ऑफिसातले सर्वांत जुने प्रोग्रामर. जेवलात का विचारलं तर म्हणतात, "पंच्याण्णव. ताक राहिलंय." खिशात छोटी वही. तीत अंदाज लिहायचा, पुरावा दिसला की खोडून नवा आकडा. याला बेझियन विचार म्हणतात, हे मी कॉलेजात शिकले होते. तो वरणभातासारखा रोज करता येतो, हे माहीत नव्हतं.

"फक्त शून्य लिहायचं नाही, बेटा. शून्याला कितीही पुरावा दाखव, ते जागचं हलत नाही."

मी शहराबाहेरून, तासाभरावरच्या महूहून येते. शाळा इंग्रजी, घर मराठी, आणि मीटिंगमध्ये मला कुठलीच भाषा येत नाही.

परवा आमचं दवाखान्यांसाठीचं मॉडेल शेवटचं तपासत होतो. कोणता पेशंट वेळेवर येईल, ते सांगणारं. येणार नाही म्हटलं, की त्याची वेळ दुसऱ्याला. महूच्या पेशंटांना त्यानं सरळ शून्य दिलं होतं.

मॅनेजर खूश. "डेटा साफ बोलतोय ना, भिया! महूवाले आते ही नहीं. उद्यापासून चालू."

डेटा मी पाहिला होता. महूचे पेशंट तीनच. तिघंही आले नव्हते, एवढंच. पण तोंड उघडेना. मी काकांकडे पाहिलं. वही उघडून त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

पानावर माझं नाव. 'गार्गी मीटिंगमध्ये बोलेल.' खाली दोन वर्षांची खाडाखोड. एक टक्का. तीन: रिक्षावाल्याशी भांडली. दोन: मीटिंगभर पेन चावलं. नऊ: म्हणाली, काका, तुमचा कोड चुकलाय. सगळ्यांत खाली, ओल्या शाईत, एकतीस.

दोन वर्षं कुणीतरी माझा पुरावा गोळा करत होतं. शून्य कुठेच नव्हतं.

मी उभी राहिले. खुर्ची केवढ्यानं तरी करकरली.

"सर, महूला शून्य देऊ नका. तीन पेशंटांवरून कसं ठरवणार? मी महूचीच आहे, आणि मी रोज येते."