बी.ए. पहिल्या वर्षाचे कंडक्टर

देविदासकाकांनी मला बसायला जागा करून दिली, हे सगळ्यांत आधी सांगते. कॉलेज, अभ्यास, ते सुटणं, हे सगळं त्यानंतरचं.

काका आमच्या वर्गात होते. शिकवायला नव्हे, शिकायला. उभा जन्म एस.टी.त कंडक्टरकी करून निवृत्त झाले आणि वाशीमच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. नोकरी सुटली, पण अंगातली गाडी सुटली नव्हती. सर यायच्या आधी काका दारात उभे, एक हात चौकटीवर. "चला, पुढं सरका! मधी जागा हाय! दारात गर्दी करू नका!" मग बोट नाचवत मुंडकी मोजायची आणि सरांकडं बघून म्हणायचं, "हं, जाऊ द्या." त्याशिवाय इतिहास सुरूच होत नसे.

पहिल्या दिवशी मी दाराबाहेरच उभी राहिले. मानोऱ्याकडच्या खेड्यातली, मावशीकडे राहणारी मुलगी मी. आत सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्या. परत फिरणार, तेवढ्यात काका ओरडले, "ए बाई, काहून उभी हायेस? गाडी तुह्यासाठी किती वेळ थांबवू?" आणि खिडकीजवळच्या दोघींना, "सरका वं जराशा. तिघींची सीट हाय."

मी बसले. वर्षभर तिथंच बसले.

अभ्यासही त्यांचा गाडीतलाच. कुठवर वाचलं, विचारलं की सांगायचे, "फ्रेंच राज्यक्रांती मागं टाकली. आता नेपोलियन लागंन." दुपारच्या तासाला डोळा लागायला आला की हळूच म्हणायचे, "मले नेपोलियनपाशी उठव." एखादे सर विषय सोडून स्वतःच्या लग्नाचं सांगू लागले की काका हात वर करत, "सर, मेन रोडले घ्या."

अर्थशास्त्राच्या सरांनी एकदा प्रत्येकाला पुढं येऊन बोलायला लावलं. माझी पाळी आली आणि तोंडातून शब्द फुटेना. मागं कुणीतरी हसलं. आज अशीच खाली बसले तर उद्यापासून कॉलेजात येणार नाही, हे मला पक्कं कळत होतं.

"सर," काका उठले, "गाडी घाटात हाय. मागून हॉर्न मारू नका बे कोनी. चढते ते."

सर थांबले. वर्ग थांबला. आणि मी चढले. काय बोलले ते आठवत नाही, पण त्यानंतर मी हजेरीसुद्धा मोठ्यानं देऊ लागले. वर्षभरात पुस्तकातलं शिकले ते बरंच विसरले. माणसाला जरा वेळ दिला की ते बोलतं, हे मात्र राहिलं.

एकदा डबा खाताना विचारलं, "काका, या वयात कायले शिकता?"

"घरी काय हाय वं? तुही काकू गेली. पोरगा हैदराबादले. जलमभर भरल्या गाडीत उभा राह्यलो. आता घरात 'पुढं सरका' कोनाले म्हनू?" मग माझ्या डब्यातला ठेचा ओढून घेत म्हणाले, "मले तं पास व्हायचाच धाक वाटते पोरी. तीन वर्षांत उतरवतील ना हे लोक."

उतरावं लागलं मला. पहिलं वर्ष संपलं आणि बाबा बांधकामावरून पडले. चुलत बहिणीसोबत मी पुण्याकडं आले. इथं कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधते. चुकलं तर काढतील, ही धाकधूक दिवसभर असते. जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटले की ती खिडकी दिसते, बाकावर पडलेला कडुनिंबाचा फुलोरा दिसतो.

परवा वर्गातल्या वंदनाचा फोन आला. दुसरं वर्ष सुरू झालंय. माझ्या जागेवर काका रोज सकाळी आपला रुमाल टाकून ठेवतात म्हणे. एक नवी मुलगी बसायला आली तर म्हणाले, "तिथं मानूस हाय."

"कुठं हाय?"

"खाली पानी प्यायले गेली. येते."

फोन ठेवल्यावर मी जिन्यातच बसले आणि मनातल्या मनात काकांशी बोलू लागले.

काका, बाबा हिंडूफिरू लागले की मी येणार. तोवर तुम्ही पास झालेले असाल, तर तुमच्या घरी अभ्यासाला येईन. वंदनालाही आणीन. रोज संध्याकाळी दोघी मोठमोठ्यानं वाचून तुमचं डोकं उठवू. तुमचे हे उपकार मी फेडीन, काका. नक्की फेडीन.