वाहनविरहित चालनाचं एक वर्ष

विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीहून जास्त निघाला, म्हणून बार्शीच्या पल्लवी बारंगुळेने पहिलं वर्ष गाडीशिवाय गाडी चालवली.

गाडी तशी दारात होती. तिचे अप्पा त्या लाल व्हॅनमधून आईच्या हातची शेंगाचटणी वैराग, परांडा, कुर्डुवाडीच्या दुकानांत पोचवायचे. मग त्यांची नजर अधू झाली, डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं आणि व्हॅन जागची हलेना. चटणी गल्लीत खपून खपून किती खपणार? अप्पा व्हॅनला गिऱ्हाईक शोधायला लागले. पल्लवी म्हणाली, "व्हॅन विकायची नाही. मी चालवते." ती बावीस वर्षांची होती. परीक्षा पहिल्या खेपेला पास झाली आणि लायसन्स घेऊन विमा कंपनीच्या शाखेत गेली.

शाखेतले पुराणिक साहेब शांत गृहस्थ होते. त्यांनी हप्त्याचा आकडा सांगितला, पाणी मागवलं आणि तिचं पिऊन होईपर्यंत थांबले.

"तुम्ही तरुण आहात," ते म्हणाले. "तुम्हाला अनुभव नाही. त्या नसलेल्या अनुभवाचा हा हप्ता आहे."

"अनुभव कसा येतो?"

"गाडी चालवून."

"मग चालवते की."

"विम्याशिवाय चालवता येत नाही."

"मग बाकीची पोरं काय करतात?"

"वय वाढायची वाट बघतात."

"माझ्याच्याने नाही होणार ते."

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "एक सोय आहे. वाहनविरहित चालन. गाडी नाही, बाकी सगळं आहे. वर्षभर नियम पाळून चालवायचं, अपघात करायचा नाही. मग हप्ता निम्म्याच्या खाली येतो. आमच्या शाखेत आजवर कुणी पुरं केलेलं नाही."

"अवघड असतं?"

"अवघड नाही. लोक हसतात."

"हसू देत," पल्लवी म्हणाली.

भंगाराच्या दुकानातून तिने एक स्टिअरिंग आणलं. आईने तिला ओवाळलं, स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं आणि तिच्या दोन्ही चपलांखाली एकेक लिंबू ठेवलं. पल्लवीने आरशात पाहिलं, गिअर टाकला आणि लिंबं चिरडून निघाली.

पहिले काही दिवस लोक खरंच हसले. ती डाव्या बाजूने, दोन्ही हातांत स्टिअरिंग धरून, गतिरोधकाआधी हळू होत चालायची. वळायच्या आधी तोंडाने टिकटिक करायची. कॉलेजची पोरं मागून ओरडायची, "ताई, पेट्रोल संपलं का?" ती उत्तर द्यायची नाही; चालवताना बोलू नये असा नियम आहे. स्टँडच्या चौकात कदम हवालदारांनी तिला बाजूला घेतलं तेव्हा पोरं शिट्ट्या मारायला लागली.

"सीटबेल्ट?" हवालदारांनी विचारलं.

पल्लवीचा चेहरा उतरला. बेल्ट राहिलाच होता.

"पहिली वेळ आहे म्हणून सोडतो," हवालदार म्हणाले आणि पोरांकडे वळले. "आणि तुम्ही रे, गाडीपुढनं बाजूला व्हा."

पोरं बाजूला झाली. नुसती हातभर नाही, चांगली गाडीभर लांब झाली.

तिथून शहराला सवय लागली. भाजी मंडईपाशी ती स्टिअरिंग खाली ठेवून सामान आणायला गेली की लोक तेवढी जागा सोडून पलीकडून जायचे. एकदा एका माणसाने तिथे मोटरसायकल लावली. पल्लवी आल्यावर शांतपणे म्हणाली, "दादा, तुमची गाडी माझ्या डिकीत आहे." त्याने माफी मागून काढून घेतली.

शेजारच्या इंदुमावशींना बँकेत जायचं असायचं. त्या मागच्या सीटवर, म्हणजे पल्लवीच्या मागे दोन पावलांवर, खिडकीच्या बाजूने चालायच्या. वळणावर त्यांना मळमळायचं. चढावर मात्र त्या खूश असायच्या. "तुझी गाडी ओढते गं चांगली," म्हणायच्या.

अप्पा तेवढे बसायला तयार नव्हते. घरात त्यांचं एकच चालू असायचं, "लेकीचं हसं झालं, ते माझ्या डोळ्यांपायी." आई समजवायची आणि पल्लवी सकाळी परत गाडी काढायची. दिवाळीनंतर एके दिवशी ती निघाली तर अप्पा डाव्या हाताला येऊन उभे राहिले. त्यांनी दार ओढून घेतलं. चौकापर्यंत त्यांचा उजवा पाय सारखा ब्रेक दाबत होता.

"अप्पा, मी चालवतीय ना?"

"चालव की. मी कुठं काय म्हणालो?"

वर्ष सरत आलं आणि कुर्डुवाडी रोडला तो प्रसंग घडला. कडब्याने भरलेला एक टेम्पो गल्लीतून उलटा बाहेर आला, सरळ पल्लवीवर. शेजारी बसलेल्या अप्पांना तो उशिरा दिसला. "उडी मार!" ते ओरडले.

फुटपाथ हाताच्या अंतरावर होता. पण चालत्या गाडीतून उडी मारली की वर्ष वाया, आणि मागे इंदुमावशी बसलेल्या. पल्लवीने घसा फाटेस्तोवर हॉर्न दिला, रिव्हर्स टाकला, मान वळवून मागे पाहिलं आणि स्टिअरिंग सरळ ठेवून एकेक पाऊल मागे घेतलं. अप्पा मागे आले. इंदुमावशीही देवाचं नाव घेत मागे आल्या. टेम्पो थांबला तेव्हा त्याचा मागचा फाळका तिच्या छातीपासून गाडीच्या बॉनेटइतक्या अंतरावर होता.

ड्रायव्हर खाली उतरला. "चुकलं, ताई. दिसलाच नाहीत."

"गाडी दिसत नाही?" अप्पा गरजले.

"गाडी दिसली ना, काका. म्हणून तर दाबला ब्रेक. आत कोण आहे ते दिसलं नाही."

पल्लवीने गाडी सावकाश घरी आणली. गाडी लावल्यावर अप्पा म्हणाले, "मी असतो तर मला जमलं नसतं." एवढं बोलून ते आत गेले आणि त्यांनी व्हॅनच्या गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून कळवलं.

वर्ष भरलं तसे पुराणिक साहेब तपासणीला आले. स्टिअरिंग जमिनीवर होतं. त्यांनी त्याच्याभोवती मोठी फेरी मारली, वाकून खाली पाहिलं, आणि मागे डाव्या बाजूला येऊन हवेवरून बोट फिरवलं.

"इथं ओरखडा आहे."

पल्लवी वाकून बघायला लागली. सगळं वर्ष तिच्या डोळ्यांपुढून गेलं. असा ओरखडा कुठे पडला असावा हे तिला आठवेना.

"तो माझ्या बांगडीचा," इंदुमावशी ओशाळून म्हणाल्या. "उतरताना घासली. हिला बोलले नाही."

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडून पाहिलं. "प्रवाशाकडून झालेला ओरखडा अपघातात धरत नाहीत," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी पल्लवी चटणीचे डबे भरून लाल व्हॅन परांड्याला घेऊन गेली. संध्याकाळी रिकाम्या डब्यांनिशी परतली.

दारात एकाच गाडीची जागा होती, म्हणून दुसरी विकायची ठरली. वैरागची एक मुलगी आईला घेऊन बघायला आली. एकोणीस वर्षांची असेल. तिने किती चाललीय ते विचारलं, एका चाकावर पाय मारून पाहिला, चौकापर्यंत एक फेरी मारून आणली. तिच्या आईला मागची सीट आवडली. व्यवहार झाला. मुलगी वैरागच्या दिशेने निघाली तशी पल्लवी आणि अप्पा रस्त्यावर येऊन बघत राहिले.

"क्लच लवकर सोडला हो तिनं," पल्लवी म्हणाली.

"सोडला," अप्पा म्हणाले. "पण बंद पडली नाही."