बाल्कनीतली कडी

सकाळी सव्वासहाला दवाखान्यातून फोन आला आणि नऊपर्यंत तारमास्तरांची बायको गेल्याचं सगळ्यांना कळलं. राहिला एकटा बंदरवाला, लांबच्या बंदरातला मास्तरांचा हौशी रेडिओवरचा दोस्त. मास्तर वीस वर्षं त्याच्याशी रोज रेडिओवर बोलत. रेडिओ असताना फोन नंबर कशाला, म्हणून दोघांनीही कधी विचारला नव्हता. वहिनी आजारी आहेत, दवाखान्यात आहेत, इतकंच त्याला ठाऊक होतं. आज सांगू, उद्या सांगू करत महिना गेला आणि मास्तर सासूबाईंच्या दोन खोल्यांत राहायला आले.

अँटेना जुन्या गच्चीवरच राहिली. इथे जागा म्हणजे बाल्कनी, सात फूट बाय चार. लांब तार शेजाऱ्यांच्या खिडकीवरून जाणार. शेजारी नाही म्हणाले. उभा दांडा लावायचा तर खाली तारांचं जाळं पसरायला हवं; तिथे सासूबाईंच्या बादल्या. शेवटी अँटेना म्हणून तांब्याच्या नळीची मीटरभर रुंद गोल कडी ठरली. एकीतच चार बँड, म्हणजे लहरींचे चार पट्टे.

पण प्रत्येक बँडला बटण फिरवून जुळवावं लागे. बटण बाहेर कडीवर, आणि जुळलं की खाली बसणारा काटा आत रेडिओवर. शिवाय हात जवळ आला की जुळलेलं बिघडे. म्हणून मास्तरांनी बटणाला लांब काठी बांधली आणि ती सासूबाईंच्या हातात दिली.

"आई, जरा डावीकडे."

"माझ्या की तुमच्या?"

"थोडं पुढे गेलं. मागे घ्या. आणि लांब उभ्या राहा."

"अजून किती लांब? शेजारी जाऊन उभी राहू?"

काटा खाली बसला. मास्तरांनी माइक दाबून हाक दिली, तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "झालं का एकदाचं? हात अवघडला माझा!"

पलीकडून लगेच उत्तर आलं. "मास्तर! होतात कुठे? आणि वहिनी घरी आल्या वाटतं! ओरडल्या तेव्हाच ओळखलं. रागावतायत म्हणजे ठणठणीत आहेत. फार बरं वाटलं!"

मायलेकींचा आवाज एकच होता. मास्तरांनी माइक उचलला, पण बाहेर काठी हलली आणि स्पीकरवर नुसती खरखर उरली.

"परत लावू या, आई?"

"आज नको," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्याकडे बरी आहे ती. एक दिवस असू दे."

त्याला तीन आठवडे झाले. कडी रोज जुळते. सासूबाई तोंड घट्ट मिटून काठी फिरवतात. बंदरवाला रोज वहिनींना नमस्कार सांगतो. त्याला अजून सांगायचं राहिलं आहे.