सामाईक सेहेचाळीस किलो

नवघरमधल्या शिवनेत्र सहकारी गृहनिर्माण संस्थेचे मानद सेक्रेटरी आत्माराम केळुसकर यांची मुलगी निशिगंधा हिला समुद्राच्या तळाचा अभ्यास करण्यासाठी आयर्लंडमधल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला, आणि विमान कंपनीने तिला तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा न्यायची परवानगी दिली. पहिल्या बातमीने सोसायटीला आनंद झाला. दुसऱ्या बातमीने सोसायटी कामाला लागली.

आत्मारामांना आयुष्यात कधी कोणाला नाही म्हणता आलं नव्हतं, आणि याच एका गुणावर ते वर्षानुवर्षं बिनविरोध निवडून येत होते. त्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या चंद्रावतीकाकू पेढे खायला म्हणून आल्या आणि पदराखालून मेतकुटाचं पुडकं काढून म्हणाल्या, "एकटीच चाललीये ना हो पोर? परका देश, काळजी वाटते बाई. आमचा कौस्तुभ तिकडेच आहे. अर्धाच किलो आहे," तेव्हा आत्माराम म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं!"

हे वाक्य जिन्यातून खाली जाईपर्यंत सगळ्या सोसायटीने ऐकलं.

संध्याकाळपर्यंत प्रत्येक घराला निशिगंधाच्या एकटेपणाची काळजी वाटू लागली. पोर एकटी आहे, म्हणजे तिच्यासोबत नवरा नाही, सासू नाही, मूल नाही. अर्थात त्यांचं सामानही नाही. दोन्ही बॅगा जवळजवळ रिकाम्याच! तळमजल्यावरचे जयकुमारभाई शहा खाकऱ्यांचे डबे घेऊन आले. त्यांची भाची लंडनला होती.

"काका, मी लंडनला नाही जात," निशिगंधा म्हणाली. "आयर्लंड वेगळा देश आहे."

"अरे बेटा, पाणी ओलांडलं की सगळं एकच," जयकुमारभाई म्हणाले. "इथून विरार लांब वाटतं, तिकडे थोडंच वाटेल? संडे को जाके दे देना."

आठवड्याभरात सोसायटीच्या तक्रारपेटीत पहिली तक्रार पडली. सेक्रेटरी आपल्या मर्जीतल्या सभासदांचंच सामान घेतात, वरच्या मजल्यांवर अन्याय होतो, असा मजकूर होता. आत्मारामांना रात्रभर झोप लागली नाही. मनोरमाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, सकाळी चहा पुढ्यात आदळून म्हणाल्या, "मग घ्या सगळ्यांचंच! पोरीला ठेवा घरी, नुसत्या बॅगा पाठवा."

आत्मारामांना यातला टोमणा कळला नाही. त्यांनी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली.

सभा इमारतीखालच्या खांबांमधल्या स्टिल्ट पार्किंगमध्ये भरली. चेअरमन गुणवंत सावे हे एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "प्रश्न भावनेचा नाही, तत्त्वाचा आहे. कुमारी निशिगंधा कुठे वाढली? या सोसायटीत. कोणाच्या टँकरचं पाणी प्याली? सोसायटीच्या. अभ्यासाला कुठे बसायची? सोसायटीच्या गच्चीवर, सोसायटीच्या दिव्याखाली. तेव्हा या यशातून जी काही किलोंची क्षमता निर्माण झालेली आहे, ती गच्ची आणि लिफ्ट यांच्याप्रमाणेच सामाईक सुविधा ठरते."

टाळ्या पडल्या. आत्मारामांनीही वाजवल्या. आपल्या मुलीचं इतकं कौतुक त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

सेहेचाळीस किलो सामाईक असल्याचा ठराव एकमताने मंजूर झाला आणि निशिगंधाचा इतिवृत्तात 'वाहक' असा उल्लेख करण्यात आला. भाडेकरूंना हक्क नाही, मेंटेनन्सच्या थकबाकीदारांना हक्क नाही, यावर वाद झाला नाही. वाद झाला तो किलो घरागणिक सारखे वाटायचे की चौरस फुटांवर, यावर. दोन बेडरूमवाल्यांचं म्हणणं पडलं की मोठ्या घरात नातेवाईकही जास्त असतात. एका बेडरूमवाल्यांनी आपले सगळे नातेवाईक मोठ्याने मोजून दाखवले.

तेवढ्यात गोदूबाई भोईर उठल्या. शेजारच्या मोरवा गावची ही म्हातारी, सुनेच्या हट्टापायी फ्लॅटमध्ये राहायला आलेली. "माजी नात हाय तिकरं, नर्स हाय. तिला सुकं बोंबील पाठवायचं हान."

जयकुमारभाईंनी नाकाला रुमाल लावला. "एकाच बॅगमध्ये? माझ्या खाकऱ्यांच्या बाजूला?"

"का, खाकऱ्यांना चावतान काय माजं बोंबील? मेलंत ती कवाच!"

पार्किंग हसलं, पण समिती हसली नाही. एक बॅग शाकाहारी आणि एक मांसाहारी असं जाहीर झालं. मांसाहारी बॅग लिफ्टने न्यायची नाही, जिन्याने न्यायची. शाकाहारी बॅगेतही कांदा-लसूण खाणारा कप्पा आणि न खाणारा कप्पा असे दोन भाग पाडले, आणि मधे जाड पुठ्ठा घालायची जबाबदारी सेक्रेटरींवर टाकली. तिसऱ्या मजल्यावरच्या दाजींनी दोन किलो पोहे आणले. त्यांचं परदेशात कोणीच नव्हतं.

"मग पोहे कोणाला द्यायचे, दाजी?" निशिगंधाने विचारलं.

"कोणाला नाही. घेऊन जा आणि सुट्टीत परत घेऊन ये. माझं कोणी तिकडे नाही म्हणून मी माझा हक्क सोडू काय?"

आत्मारामांना हे पटलं. हक्क एकदा सोडला की पुन्हा मिळत नाही, हे त्यांनी पार्किंगच्या बाबतीत पाहिलं होतं.

निशिगंधाने घरी जमिनीवर आपलं सामान मांडलं होतं. एक जाड कोट, पावसाळी बूट, प्रयोगशाळेचे कपडे, वापरून कोपरे मऊ झालेली पुस्तकं. तिकडे पहिले काही महिने शिष्यवृत्तीवर काढायचे होते. यातलं काहीही तिकडे विकत घ्यायची सोय नव्हती. ती वडिलांना म्हणाली, "बाबा, माझं कुठे ठेवू?"

आत्माराम म्हणाले, "अगं, अर्ज कर ना. वाहकालाही अर्ज करता येतो, मी मुद्दाम तशी तरतूद करून घेतलीये."

अर्ज समितीपुढे आला. समितीचा नियम साधा होता: तिकडे मिळते ती वस्तू इथून नेता येणार नाही, नाहीतर किलोंचा अपव्यय होतो. कोट तिकडे मिळतो. बूट तिकडे मिळतात. आत्मारामांनी पुस्तकांसाठी दोन शब्द टाकून पाहिले, तेव्हा सावेसाहेब हसले. "केळुसकर, त्या देशात पुस्तकं नसतील तर मुलगी तिथे शिकायला जाते कशाला?"

आत्मारामांनी मान डोलावली. वाहकाला अंगावर घालून नेता येतील तेवढे कपडे आणि पाठीवरची एक पिशवी मंजूर झाली. त्या पिशवीतही वरचा कप्पा चंद्रावतीकाकूंच्या लोणच्याच्या नाजूक बरणीसाठी राखून ठेवला.

मग प्रत्यक्ष वजन झालं. केबिन रोडच्या भंगारवाल्याचा काटा मागवला होता. सगळ्यांचं सगळं मिळून सेहेचाळीस किलोंच्या कितीतरी पुढे गेलं. कमी करायला कोणीच तयार नव्हतं. प्रत्येकाच्या मते दुसऱ्याचं सामान जड होतं. तेव्हा जयकुमारभाईंचा पुतण्या निकेत पुढे झाला. त्याचं तिकिटांचं दुकान होतं. "अंकल, सिंपल आहे. दुसरी एअरलाइन आहे, ती जास्त वजन देते. थोडी उशिरा निघते, दोन ठिकाणी थांबते फक्त. तिकीट चेंज करतो, केळुसकर अंकलची सही पाहिजे, बस्स."

आत्मारामांनी ही आनंदाची बातमी घरी सांगितली.

"पोचतं कधी ते?" निशिगंधाने विचारलं.

"मंगळवारी."

"बाबा, सोमवारी माझी नोंदणी बंद होतेय. सोमवारी मी तिथे उभी नसले तर जागा दुसऱ्याला देणार आहेत."

"मी बोललो ना समितीला. ते म्हणाले, शिक्षण काय, पुढच्या वर्षीही घेता येतं. खाकरे पुढच्या वर्षीपर्यंत टिकत नाहीत."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

आत्माराम चष्मा पुसत राहिले. "सगळे बसले होते गं."

"तुम्ही माझे बाबा आहात ना?"

"तुझा आहेच. पण सेक्रेटरी सगळ्यांचा आहे."

मनोरमाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मनोरमाबाई बोलत नाहीत तेव्हा काळजी करावी, हे आत्मारामांना इतक्या वर्षांच्या संसारात समजायला हवं होतं. त्यांना समितीची काळजी होती.

मूळ विमान शनिवारी दुपारी होतं. सहीची सभा शनिवारीच सकाळी ठेवली. निकेत लॅपटॉप उघडून बसला होता, सही झाली की बटण दाबायला. आत्माराम पेन घेऊन निघाले तेव्हा मायलेकी चपला घालत होत्या. "मोजे आणायला जातोय," मनोरमाबाई म्हणाल्या. निशिगंधाने पाठीवरची पिशवी सावरत वाकून नमस्कार केला. मोजे आणायला जाताना कोणी नमस्कार करत नाही, हे आत्मारामांच्या लक्षात आलं. पण खाली सगळे खोळंबले होते.

सभेत आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं गेलं. त्यात बोंबलांच्या मुद्द्यावर गोदूबाईंनी दुरुस्ती सुचवली, ती दुरुस्ती जयकुमारभाईंना मान्य नव्हती. मग चहा झाला. मग सावेसाहेबांनी परदेशगमनाचं महत्त्व या विषयावर भाषण केलं. आपल्या मुलांनी जग पाहिलं पाहिजे, पंख पसरले पाहिजेत, असं ते बराच वेळ म्हणाले. दाजींचे डोळे भरून आले. मग आभार झाले, आणि शेवटी ठराव आत्मारामांच्या पुढ्यात आला. त्यांनी सही केली. नेहमीसारखी, स्वच्छ, खाली दोन रेघा मारून.

निकेतने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. "अंकल, ये नहीं हो रहा," तो म्हणाला. "पॅसेंजर चेक-इन हो गया है."

सगळ्यांनी आत्मारामांकडे पाहिलं, आणि त्याच वेळी त्यांचा फोन वाजला.

"बाबा, मी आत आले. आई बाहेर उभी आहे, मी दिसेनाशी झाल्यावर निघेल. पाठीवरची पिशवी आहे, त्यात कोट कोंबलाय, पुस्तकंही बसली. काउंटरवरच्या ताईने दोनदा विचारलं, बाकी काहीच सामान नाही? म्हटलं, नाही." मग तिने विचारलं, "सही केलीत?"

पार्किंगमध्ये कोणी हलत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा आत्मारामांना नाही म्हणायची फार इच्छा झाली.

"केली," ते म्हणाले.

"बरं," निशिगंधा म्हणाली. "येते मी."

ठेवलेल्या फोनकडे ते बघत राहिले. मुलगी निघाली, आणि तिच्या बापाने तिला निरोप दिला नव्हता, तो सभेत होता. सभा मात्र संपली नव्हती. 'वाहक सोसायटीच्या सुविधेसह फरार' अशी नोंद झाली, सेक्रेटरींकडे खुलासा मागवण्यात आला, आणि आत्माराम सवयीने म्हणाले, "हो हो, देतो ना."

दोन बॅगा अजून सोसायटीच्या ऑफिसात आहेत. कोणी आपलं सामान परत नेलेलं नाही. नेलं तर जागा जाते. आता चौथ्या मजल्यावरची शिवांगी बारावीला बसतेय. तिला सध्या येता-जाता सगळे विचारतात, अभ्यास कसा चाललाय, बाळा, झोप होते ना? काकूंनी तिला बदाम पाठवले. दाजी जिन्यात भेटले की तिच्या डोक्यावरून हात फिरवतात, आणि हात खाली आला की तिच्या पाठीचा अंदाज घेतात.

तुमच्याही ओळखीत एखादं पोर लवकरच एकटं परक्या देशात शिकायला निघेल. तुम्ही त्याच्या घरी फोन कराल, मनापासून अभिनंदन कराल, एकटं जातंय म्हणून हळहळाल. त्यानंतर जे वाक्य बोलणार आहात, ते तुम्ही आत्ताच जुळवताय. आणि त्या वाक्याची सुरुवात 'अर्धाच किलो' अशी आहे.