आखडलेलं दार

कपाट दाराशी येऊन अडलं तेव्हा शिंपीमास्तर एकटे आत, झोपायच्या खोलीत होते आणि बाकी सगळं जग बाहेर. मास्तरांना यात नवीन काही वाटलं नाही. आपण एका बाजूला आणि जग दुसऱ्या बाजूला, ही मांडणी त्यांच्या अंगवळणी पडलेली होती.

"रेटा अजून! माझं माप आहे ते!" मास्तर आतून ओरडले.

"माप तुमचं आहे हो, पण दाराला सांगितलंय का तसं?" कपाटाखालून सुतारमिस्त्रीचा धापा टाकणारा आवाज आला. कपाटाचं दुसरं टोक मास्तरांच्या धाकट्या भावाच्या हातात होतं. त्याने डोळे मिटून घेतले होते.

मास्तरांचं माप चुकत नसे. कोट घट्ट होतो म्हणून एखादं गिऱ्हाईक दुकानात आलं, तर मास्तर त्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणत, "कोट आहे तसाच आहे. तुम्ही सुटलात." पँट सैल होते म्हणणाऱ्याला ते खुर्ची देत आणि हळू आवाजात विचारत, "घरी सगळं ठीक ना?" तो बिचारा घरी जाऊन दुप्पट जेवायचा. पण खोटं कशाला बोला, मास्तरांचे कपडे अंगावर असे बसत की त्यांच्या तोंडाला लागण्याची कुणाची छाती होत नसे.

हे कपाट मात्र मास्तरांसाठी नव्हतं. ते वहिनींचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं होतं. धाकट्या दिरामुळे त्या सगळ्या गल्लीच्याच वहिनी झाल्या होत्या. घर आणि दुकान एकाच छपराखाली असल्यामुळे लग्न झाल्यापासून त्यांचे कपडे कापायच्या टेबलाखाली, गिऱ्हाइकांच्या गाठोड्यांच्या शेजारी राहत. नेसायला काही काढावं तर त्याला खडूचा वास. एकदा तर त्यांची बऱ्यातली शाल कुणाच्या तरी कोटाबरोबर बांधून गेली, आणि ती परत आली तेव्हा त्या घरातल्या बाईच्या चेहऱ्यावर वहिनींनीच शाल चोरल्यासारखा भाव होता. त्या दिवशी वहिनींनी ठरवलं, स्वतःचं कपाट करायचं. दारातून जाईल तेवढं खोल, रजया सपाट मावतील असं, आणि आत पाठीला लागून कुलपाचा एक छोटा कप्पा. मिस्त्रीने दाराचं माप विचारलं. मास्तरांनी गळ्यातली पट्टी काढली, दाराला लावली आणि सांगितलं, "एकोणतीस." मिस्त्रीने इंचभर सोडून अठ्ठावीसचं कपाट केलं. ते आता दाराशी उभं होतं.

कपाट मागे घेतलं, मास्तर बाहेर आले. मिस्त्रीने आपला लोखंडी टेप दाराला लावला.

"सत्तावीस. बघा."

"तुझा टेप दिवसभर उन्हात फिरतो. लोखंड तापलं की लांबतं," मास्तर म्हणाले. "आण इकडे." त्यांनी आपली पट्टी लावली. "एकोणतीस! आता तुझं कपाट बघू." पट्टी कपाटाला लावली आणि मास्तरांचा चेहरा उजळला. "तीस! तीसचं केलंस कपाट! आणि वर आमच्या दाराला नावं ठेवतोस?"

मिस्त्रीने आपला टेप कपाटाला लावला. अठ्ठावीस.

"दोघांचंही बरोबर आहे," धाकटा भाऊ डोळे उघडून म्हणाला. त्याने कचेरीत सारी नोकरी भांडणं मिटवण्यात काढली होती. त्यामुळे सत्य हे नेहमी मधोमध असतं, अशी त्याची खात्री होती. "दादा म्हणतो दार एकोणतीस, मिस्त्री म्हणतात सत्तावीस. आपण अठ्ठावीस धरू. कपाट एकोणतीस धरू. झालं!"

"काय झालं?" मिस्त्रीने विचारलं.

"एकमत झालं."

"आणि कपाट?"

"ते नंतर बघू. आधी वातावरण निवळू दे."

खुर्चीवर बसलेल्या आक्का, म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहीण, इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी सुस्कारा सोडला. "अरे, वस्तूचंसुद्धा नशीब असतं. आत जायचं असेल तर आपोआप जाईल. नसेल तर तुम्ही डोकं आपटा."

"आक्का, कपाटाला पाय नाहीत. आपोआप कसं जाईल?" वहिनी म्हणाल्या. "आणि माझं जरा ऐका. यांच्या पट्टीने दार एकोणतीस, कपाट तीस. मिस्त्रींच्या टेपने दार सत्तावीस, कपाट अठ्ठावीस. भाऊजींच्या एकमताने अठ्ठावीस आणि एकोणतीस. सगळ्यांच्या हिशोबाने कपाट एका इंचाने मोठंच आहे. मग भांडताय कशावर?"

मग तिघेही एकदम बोलू लागले. भांडण इंचाचं नव्हतंच, ते कुणाच्या इंचाचं एवढाच प्रश्न होता.

"माझ्याकडे दोन उपाय," मिस्त्री कपाळ पुसत म्हणाला. "पाठीकडून दोन इंच उडवतो. आतला कप्पा जाईल, पण कपाट आत जाईल. नाहीतर परत नेतो. मोठ्या दाराचं एक गिऱ्हाईक मागेच लागलंय."

"ने परत!" मास्तर गरजले. "चुकीच्या मापाचं सामान या घरात यायचं नाही!"

वहिनी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या. जाताना खुर्चीच्या पाठीवरून जमिनीपर्यंत लोंबणारी पट्टी पायात येईल म्हणून त्यांनी उचलली. ती गुंडाळता गुंडाळता पितळी टोक त्यांच्या बोटाला लागलं, आणि त्यांचा हात थबकला.

लेक झाली त्या वर्षी गरम इस्त्रीखाली येऊन या पट्टीचं टोक जळलं होतं. मास्तरांनी जळका तुकडा कात्रीने उडवला आणि पितळी टोक वहिनींकडून पुन्हा शिवून घेतलं. "अहो, एक आणि दोन गेले की!" असं त्या म्हणाल्याही होत्या. "जाऊ देत," मास्तर म्हणाले होते, "उरलेले पुष्कळ आहेत."

वहिनींनी पाहिलं. पट्टीवर पहिला आकडा तीन होता. शेवटचा आकडा सगळे बघतात, पहिला कोण बघतो? अंगाचं माप याच पट्टीने दोन इंच जास्त यायचं आणि कापड याच पट्टीने दोन इंच कमी कापलं जायचं. कोट फिट्ट. मास्तरांच्या राज्यात सगळं बरोबर होतं. घोटाळा झाला तो त्या राज्याची वेस ओलांडून मिस्त्रीकडे आकडा गेला तेव्हा.

आता बाहेर जाऊन पट्टी दाखवायची, की झालं. पण वहिनींनी इतकी वर्षं संसार केला होता. खरं सांगितलं असतं तर खरं जिंकलं असतं, आणि चूक ठरलेल्या मास्तरांनी कपाट परतच पाठवलं असतं. त्यांनी पट्टी पदराआड खोचली आणि चहा घेऊन बाहेर आल्या.

"मिस्त्री, यांचं माप चुकत नाही," त्या ठामपणे म्हणाल्या.

मिस्त्रीने कप खाली ठेवला. मास्तरांनी मान वर केली.

"म्हणजे चुकलं असेल तर दार. आखडलं असेल. जुनं दार आहे."

"तेच तर मी म्हणतोय!" मास्तर म्हणाले.

"मग मला एक सांगा. गिऱ्हाईक सुटलं आणि कोट होईना, तर तुम्ही गिऱ्हाईक कापता का?"

"काहीतरीच! कोट उसवतो."

"मग कपाट कशाला कापायचं? दार उसवा."

मास्तरांनी दाराकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, मग वहिनींच्या पदराकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "मिस्त्री," ते खाकरून म्हणाले, "चौकटीची ही उभी बाजू काढ. दार आमचं आहे, उसवायची मजुरी आमच्याकडे."

मिस्त्रीला दार आखडलेलं पटलं नव्हतं, पण मजुरी पटली. पहारीचे चार दणके बसले, चिमूटभर गिलावा पडला आणि कपाट लोण्यातून सुरी जावी तसं आत गेलं. "पाहिलंत?" भाऊ म्हणाला, "वातावरण निवळलं की होतं." आक्का म्हणाल्या, "त्याच्या नशिबातच होतं." मिस्त्री म्हणाला, "सत्तावीसच होतं." सगळे आपापलं सत्य घेऊन समाधानाने घरी गेले.

दिवेलागणीला वहिनी कपाटात रजया लावत होत्या. मास्तर दाराशी घुटमळले.

"तुझ्या त्या आतल्या कप्प्याला कुलूप आहे ना?"

"आहे."

"मग ती पट्टी रोज दुकान बंद झालं की त्यात ठेवत जा. घरात पडलेली बरी नाही. कुणीतरी लाकडाबिकडाला लावायचं."

वहिनींनी वळून पाहिलं. "कधी कळलं?"

"तू पदराआड लपवलीस तेव्हा."

"मग तेव्हाच बोलायचं होतं."

"माझं चुकलं म्हटलं असतं, तर मिस्त्रीने दार कशाला उसवलं असतं? तुझं कपाटच कापलं असतं. आणि कप्पा गेला असता."

हे तेव्हा मनात होतं की आत्ता सुचलं, हे वहिनींना ठरवता येईना. त्यांनी पट्टी नीट गुंडाळली, कप्प्यात ठेवली, किल्ली फिरवली.

"पण दार थोडं आखडलं होतंच हं," मास्तर म्हणाले.

"होतं तर," वहिनी म्हणाल्या, आणि किल्ली कमरेला खोचली.