जावयाचं चुंबक आणि सासऱ्यांची नऊ घड्याळं

"या रविवारी तुझ्या बाबांच्या तोंडून 'वा' काढला नाही, तर नाव बदलेन!" जावयाने बायकोला ठणकावून सांगितलं.

बिचाऱ्याचं दुखणं जुनं होतं. प्रयोगशाळेत तो लोखंडाचे इतके बारीक कण बनवायचा, की एका केसाच्या जाडीत सात हजार शेजारी शेजारी बसतील. अशा कणांच्या मदतीने औषध शरीरात हव्या त्या जागी नेता येईल का, समुद्रात सांडलेलं तेल ओढून काढता येईल का, यावर त्याची बारा वर्षं गेली होती. आणि घड्याळजी सासरे गिऱ्हाइकांना काय सांगायचे? "जावई ना? ते भुकटी करतात कसली तरी!"

रविवारी तो दुकानात बाटली घेऊन हजर झाला. बाटलीत काळंभोर तेल, तेलात ते कण. मुठीत मात्र त्याने एक जबरदस्त चुंबक लपवलं होतं. गुपित शेवटी फोडायचं, म्हणजे सासरे थक्क होतील, असा बेत!

"बाबा, बघा हं!" त्याने तेल बशीत ओतलं आणि मूठ हळूच टेबलाखाली नेली. तेलाला साळिंदरासारखे काटे फुटले! मूठ बाजूला घेतली, काटे गायब.

"अरेच्चा!" सासरे चष्मा सावरत म्हणाले. "पुन्हा करा बघू!"

जावयाला जोर चढला. त्याने ऐटीत मूठ बशीच्या वर आणली, तर टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीने चुंबक असं खेचलं, की हात तिकडे, बशी इकडे आणि तेल सगळ्या टेबलावर! टेबलावर दुरुस्त झालेली नऊ घड्याळं ओळीने मांडलेली होती.

"अहो जावईबापू! थांबा, फडकं आणतो!" म्हणत सासरे आतल्या खोलीत धावले.

जावई मनात हसला. सांडलेलं तेल गोळा करणं हाच तर आपला विषय! त्याने चुंबक पिशवीत गुंडाळलं आणि टेबलावरून, घड्याळांच्या मधून, वरून, खालून सपासप फिरवलं. तेल मुकाट्याने पिशवीला येऊन चिकटलं. सासरे फडकं घेऊन आले तेव्हा टेबल लख्ख होतं.

"वा!" सासरे म्हणाले.

त्या एका अक्षराने जावई इतका हरखला, की चुंबकाचं गुपित फोडायचंच विसरला. घरी जाताना रस्ताभर तो शीळ घालत होता.

सोमवारी दुपारी बायकोचा फोन आला. "अरे, बाबा दुकान बंद करायचं म्हणताहेत! कायमचं!"

"का?"

"काल दिलेली नऊच्या नऊ घड्याळं पुढे पळताहेत. हेडमास्तरांनी शाळा चाळीस मिनिटं आधी सोडली. दाताच्या डॉक्टरांनी पेशंटला उशीर केला म्हणून फोनवर झापलं, तर तो अजून अंघोळीला बसलेला! बाबा म्हणतात, एखादं चुकलं असतं तर समजलो असतो, नऊ चुकली म्हणजे माझा हातच गेला."

जावयाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घड्याळाची स्प्रिंग पोलादाची! तिला चुंबक चढलं, की वेटोळी चिकटणार आणि घड्याळ पुढे पळणार! बारा वर्षं चुंबक कोळून प्यायलेल्या माणसाला एवढं सुचू नये? तो तसाच प्रयोगशाळेच्या कोटात धावत सुटला.

दुकानात सासरे दोन्ही हात पुढे धरून बोटांकडे बघत बसले होते. समोर नऊ घड्याळं परत आली होती.

"बाबा, तुमचा हात सोन्यासारखा आहे. गाढव मी आहे!" त्याने चुंबकाची सगळी हकीकत एका दमात सांगून टाकली आणि मान खाली घालून उभा राहिला.

सासऱ्यांनी खणातून एक विजेची डबी काढली, बटण दाबलं, पहिलं घड्याळ तिच्यावरून सावकाश ओढून बाजूला घेतलं आणि कानाला लावलं.

"उतरलं चुंबक!" त्यांनी पुन्हा आपल्या बोटांकडे पाहिलं. "म्हणजे माझे हात ठीक आहेत?"

"एकदम ठीक!"

पाच मिनिटांत नऊ घड्याळं ताळ्यावर आली. सासरे इतके खूश झाले, की रागवायचं राहूनच गेलं. उलट त्यांनी जावयाला स्टुलावर बसवून घेतलं. "बरं, मला सांगा, चुंबक दूर केल्यावर तुमचे ते कण चुंबक होऊन बसत नाहीत?"

"नाही बाबा. इतके लहान असले की लगेच विसरतात."

"मग शिकवा की हो थोडं माझ्या स्प्रिंगांना!"

दोघे पोट धरधरून हसले. बारा वर्षांत सासऱ्यांनी पहिल्यांदाच त्याच्या कामातलं काही विचारलं होतं, आणि तो दिवेलागणीपर्यंत सांगत बसला.

दुसऱ्या दिवशी दुकानावर नवी पाटी लागली. जावयाने तिचा फोटो काढून प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठवला, घरी मोठा करून भिंतीवरही लावला. 'शास्त्रज्ञ' हा शब्द सासऱ्यांनी लाल रंगात, ठळक लिहिला होता.

पाटी अशी होती: 'आमचे शास्त्रज्ञ जावई दुकानात असतील तेव्हा कृपया घड्याळ आत आणू नये.'